चार नंबरचा तुकडा

रफू म्हणजे दिसू नये म्हणून केलेलं काम. कोटाला भोक पडतं, शालीला कसर लागते. मग त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा उसवून काढायचा, उभ्याला उभा जोडायचा, आडव्याला आडवा. एक वर, एक खाली. एक वर, एक खाली. काम संपलं की गिऱ्हाईक कापड उलटंसुलटं करून विचारतं, "भोक होतं कुठं हो?" हीच शाबासकी. या धंद्यात दुसरी शाबासकी नाही.

दुकानात सगळे जिला मावशी म्हणत, तिनं हा प्रश्न सव्वीस वर्षं ऐकला होता. लांबट खोलीत खिडकीखाली पाच टेबलं, प्रत्येक टेबलावर मान वाकवलेला दिवा, आणि दिव्यासारखीच मान वाकवून बसलेलं माणूस. मावशीचं टेबल शेवटचं. तिची नजर कापडात इतकी बुडालेली असे की चहा आला तरी तिला वासानंच कळे.

आणि ती नजरच आता चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, बारीक काम सोडा. सोडलंत तर उरलंय ते टिकेल. नाहीतर दोन वर्षांत समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागेल." मावशीनं ही गोष्ट पोटात ठेवली. रफूवालीचे डोळे अधू झाले म्हटल्यावर तिला टेबलाशी कोण ठेवून घेणार?

अशात जुने मुकादम घरी बसले आणि दाराजवळची खुर्ची रिकामी झाली. मुकादमाचं काम आलेला कपडा हातात घेणं, भोक जोखणं, किती दिवस लागतील ते सांगणं आणि कुठला कपडा कुणाला द्यायचा ते ठरवणं. सुई धरायची नाही. मावशीला ती खुर्ची म्हणजे उन्हातून चालून आल्यावर दिसलेली सावली वाटली. तिथं बसली असती तर डोळे वाचले असते.

मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "आपल्याकडे वशिला चालत नाही. परीक्षा घेणार. ज्याच्या हातात गुण, त्याची खुर्ची. बाहेरचा परीक्षक येईल, तुकड्यावर फक्त नंबर असेल, नाव नसेल."

बाकीच्या चारही टेबलांनी एकदम दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. तिथं मालकांचा भाचा बसे. आठ महिने झाले होते त्याला. पोरगा स्वभावानं गोड, पण त्यानं रफू केलेल्या जागी झुरळ बसल्यासारखं दिसे.

"नाव नसलं म्हणून काय झालं," रेडिओ पुटपुटली. दिवसभर बोलते म्हणून तिचं नाव रेडिओ पडलं होतं. "भाचेसाहेबांचा रफू आंधळ्यालाही ओळखू येईल. हात लावला की ठेच लागते."

"ए, हळू," मावशी म्हणाली, पण हसली. तिला परीक्षेची धास्ती नव्हती. उलट, नाव नसणार हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला होता.

मालकांनी एकाच ठाणातून लोकरीचे पाच तुकडे कापले आणि पेटत्या सिगारेटीनं प्रत्येकात एक भोक पाडलं. कुणाला आधी तयारी करता येऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्यात वेगळ्या जागी. चिठ्ठ्या उचलल्या. मावशीला चार नंबर आला.

तीन दिवस ती त्या तुकड्यावर वाकली. धागे मोजताना डोळ्यांत पाणी येई, ते पदरानं टिपून पुन्हा मोजायची. शेवटचा धागा बोटांनीच बसवला, नजर तोवर दमून गेली होती. मनात म्हणाली, सुईबाई, एवढं एक काम कर, मग तुलाही सुट्टी, मलाही सुट्टी.

परीक्षक आले. म्हातारे, नेमके, खिशात भिंग. प्रत्येक रफूभोवती खडूनं गोल करायचा आणि मग गुण मांडायचे, अशी त्यांची पद्धत. एक नंबर, दोन, तीन, गोल झाले. चार नंबर त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, भिंगाखाली इंच इंच सरकवला. खडू हातातच राहिला. मग पाच नंबर तपासून त्यांनी कागद मालकांपुढे सरकवला.

"चार नंबरला शून्य. या तुकड्यात रफूच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा फाटलेलाच नव्हता. कुणीतरी ठाणातून कोरा तुकडा कापून ठेवलाय. तुम्ही भोक कुठं पाडलं होतं?"

मालकांनी डोकं खाजवलं. पाच जागी पाच भोकं पाडली खरी, पण कुठं ते लिहून ठेवायचं राहिलं होतं.

"चार नंबर कुणाचा?"

मावशी उठली. सव्वीस वर्षांत तिला चोर कुणी म्हटलं नव्हतं.

"माझा. आणि रफू आहे त्यात."

"मग दाखवा," परीक्षक म्हणाले.

दाखवायचं म्हणजे उसवायचं. मावशीनं तुकडा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बोटं फिरवली. आईला झोपलेल्या लेकराच्या अंगावरचा व्रण अंधारातही सापडतो, तशी जागा सापडली. सुईच्या टोकानं तिनं एक धागा उचलला, ओढला. मग दुसरा, मग तिसरा. तीन दिवस तीन श्वासांत उलगडले आणि कापडाच्या मधोमध काळ्या कडेचं भोक उघडं पडलं.

परीक्षकांनी भिंग खिशात टाकलं. "चाळीस वर्षं कापड तपासतोय. असा हात पाहिला नाही." शून्य खोडून त्यांनी तिथं शंभर लिहिलं आणि निघून गेले.

रेडिओनं टाळी वाजवली. मालकांनीही. भाचा तर मनापासून म्हणाला, "मावशी, मानलं!"

"पहिला नंबर मावशींचा," मालक म्हणाले. "निर्विवाद. आणि म्हणूनच मावशी टेबलावर राहतील."

मावशीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"अहो, असा हात खुर्चीत बसवून कुजवायचा? पाप लागेल मला. गुणाची कदर म्हणजे काय? ज्याचा गुण जिथं आहे तिथं त्याला ठेवणं. भाच्याच्या हातात सुई शोभत नाही हे आज सिद्धच झालं, तेव्हा खुर्ची तो सांभाळेल."

"म्हणजे ज्याला येतं त्यानं वाकायचं आणि ज्याला येत नाही त्यानं टेकायचं," रेडिओ म्हणाली. "एवढ्यासाठी परीक्षा कशाला घेतली, मालक?"

"घेतली नसती तर तुम्हीच म्हणाला असतात, वशिल्यानं बसवला."

रेडिओनं आपला दिवा खाली ओढला आणि सुईत धागा ओवायला घेतला.

मावशीच्या ओठांवर आलं होतं. डोळे चाललेत माझे, म्हणून हवी आहे खुर्ची. पण मालक तिच्या हाताकडे असे पाहत होते, जसं कुणी घरच्या दुभत्या गाईकडे पाहतं. आत्ता सांगितलं तर उद्या खुर्चीही नाही आणि टेबलही नाही. तिनं उसवलेले धागे गोळा करायला घेतले.

"आणि तो तुकडा परत रफू करून ठेवा," जाता जाता मालक म्हणाले. "गिऱ्हाइकांना दाखवायला होईल."

दिव्याखाली बसताना मावशीनं मनाशी ठरवलं. या खेपेला एक धागा चुकवायचा. एकच. जिथं वर जायचं तिथं खाली घालायचा, म्हणजे गाठ दिसेल, बोट अडेल, कुणीतरी म्हणेल, मावशीच्याही हातात आता सुई शोभत नाही, खुर्ची द्या. मग बघू पुढचं पुढं. ती मोजू लागली. एक वर, एक खाली. चुकवायची जागा आली. हात थांबला आणि बरोबर जागी गेला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. त्या हाताला वाईट काम कधी शिकवलंच नव्हतं, आणि आता शिकायचं त्याचं वय नव्हतं.

संध्याकाळी तिनं तुकडा उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. भोक होतं ती जागा दिसेना. रफू साधला होता म्हणून, की डोळ्यांनाच आता तेवढंही दिसत नव्हतं म्हणून, ते मावशीला कळलं नाही.