सिंधुबाईंच्या डोक्यातली झड

मित्रांनो, चोपन्न वर्षं झाली, पण मी अजून उजेड पाहिलेला नाही. मी सिंधुबाईंच्या उजव्या कानाच्या आत, मेंदूत राहणारी एक जुनी चेतापेशी आहे. डोळ्यांना दिसणार नाही एवढी लहान. त्या जन्मल्या तेव्हा मी होतेच, आणि जाईन तीही त्यांच्याबरोबरच.

माझं काम निरोप द्यायचं. साधा निरोप असला की विजेची एक बारीक टिचकी मारायची. फार महत्त्वाचं असलं की लागोपाठ पाच-सहा टिचक्या, म्हणजे पुढच्या पेशीला ऐकल्यावाचून राहवत नाही. त्याला मी झड म्हणते. कळस गावी वडिलांची मेंढरं होती तेव्हा लहानगी सिंधू शंभर कोकरांतून आपलं कोकरू तोंडावरून ओळखायची. ते दिसलं की माझी झड सुटायची. वडील तिचं कौतुक करायचे, त्यातलं थोडं मी माझ्याकडे ठेवून घ्यायचे.

निरोगी डोक्यात झड येते आणि थांबते. शेजारच्या काही पेशींचं कामच आवरण्याचं असतं. पुरे आता, म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी सिंधुबाई मोटरसायकलवरून पडल्या, डोक्याला मार बसला, आणि माझ्या त्या शेजारणी बऱ्याच मेल्या. तेव्हापासून माझी झड थांबेना. वाईट म्हणजे, माझं बघून हजारो पेशी एकाच तालावर तेच करू लागल्या. लोक त्याला फेफरं म्हणतात. सिंधुबाईंचे मालक सोनबा नाकाला कांदा लावायचे. त्यानं मी काही आवरले जायचे नाही.

मग बारामतीच्या डॉक्टर मेघनांनी गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. ती रक्तातून येते आणि माझी दारं जड करते. एक टिचकी मारता येते, पण लागोपाठ मारायला गेलं की दम लागतो. चार वर्षं एकही झटका आला नाही.

यंदा सून वैष्णवी सुखरूप बाळंत झाली. सिंधुबाई देवीला नवस बोलल्या होत्या, म्हणून त्यांनी घट बसल्यापासून नऊ दिवसांचा उपास धरला. पहिल्या सकाळी गोळी आली नाही. मला वाटलं, पूजेत उशीर झाला असेल. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"गुळी घेतलीस का?" सोनबांनी विचारलं.

"जेवल्यावर घ्याची हाय ती. माझं जेवाण कुठं हाय? भगरीवर गुळी खात्यात व्हय?"

"तुमा बायकांच्या उपासाचं तुमालाच ठावं," म्हणून सोनबा रानात गेले.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त टिचक्या मारता येतात, आणि भीती त्यांचीच होती.

पाचव्या सकाळी सिंधुबाई न्हाणीत पाय पसरून बसल्या. पायांवर पालथी घातलेली अडीच महिन्यांची नात राजलक्ष्मी, शेजारी गरम पाण्याची बादली. माझी एक झड आली. थांबली. दुसरी आली, तशी बाजूची पेशीही सामील झाली.

"वैष्णवे, काय करपतंय गं?"

"काय न्हाय आत्या. गॅस बंद हाय."

"करपल्यावानी वास येतुया. तुझं ध्यान त्या मोबाइलात."

वैष्णवी हसली आणि हसता हसता थबकली. नसलेला वास येऊ लागला तर जपा, असं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. ती धावत आली. तिनं बाळ उचललं, बादली पायानं दूर सारली.

"अगं, साबण हाय तिला आजून..."

वाक्य तिथंच तुटलं. पुढची दोन मिनिटं मी माझी राहिले नाही. आम्ही सगळ्या एकदम, एकाच तालावर. वैष्णवीनं बाळ कडेला निजवून सासूला कुशीवर वळवलं. सोनबा कांदा घेऊन आले.

"मामा, कांदा ठिवा आन् गाडी बघा."

दुपारी बारामतीत सिंधुबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"मावशी, भगर खाल्ली होती ना? मग तेच जेवण समजायचं," डॉक्टर म्हणाल्या.

"ते फराळ झालं."

"बरं, मग मी फराळानंतर असं लिहून देते. तुमचा उपास मोडायला मी सांगत नाही. पण ही गोळी मध्येच बंद केली की झटका उलटून येतो."

"देवीला चालंल का?"

वैष्णवी हळूच म्हणाली, "आत्या, पोर तिनंच दिली ना आपल्याला? मग हातातनं पडल्याली तिला चालली असती का?"

 दुसऱ्या सकाळी सिंधुबाईंनी भगर खाल्ली आणि गोळी घेतली. ती माझ्यापर्यंत पोचली. मग वैष्णवीनं सवयीनं बाळ पुढं केलं, तर सिंधुबाईंनी हात मागं घेतले.

"तूच बस पाय पसरून. मी पाणी वतते."

"मला न्हाय जमायचं, आत्या."

"जमंल. मी हाय की हितं."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची अशी गोळी चालू असेल, तर सणावाराला, उपासाला, लग्नाच्या गडबडीत आठवणीनं विचारा, घेतली का म्हणून. विचारताना रागवू नका. बहुतेक वेळा ती मुद्दाम चुकवलेली नसते. सिंधुबाईंनी त्यानंतर नातीला पायांवर घेतलेलं नाही. तिचं ते ओलं, मऊ ओझं मला मात्र आठवतं. आठवलं की झड येते. आता ती थांबते, पण थांबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.