बलभीमची शेवटची चढाई

अंबादास मास्तरांचं टेबल मैदानाच्या मधल्या रेघेला अगदी खेटून मांडलं होतं, आणि तिथंच त्यांचा घात झाला.

साल अठ्ठावन्न. नळदुर्गच्या किल्ल्याखालच्या माळावर हुतुतूचा अंतिम सामना चालला होता, नळदुर्ग विरुद्ध सास्तूर. मास्तर मूळचे तुळजापूरचे. अक्षर देखणं, म्हणून सामन्याची वही त्यांच्याकडं. चढाई कुणाची, बाद कोण, गुण किती, सगळं ते मान वर न करता टिपत होते. अठरा-अठरा झाले आणि शेवटच्या चढाईला नळदुर्गचा बलभीम उतरला.

बलभीमनं दोघांना शिवलं आणि परत झेप घेतली. रेघ हातभर राहिली असताना त्याचा दम तुटला. आवाज थांबला, मग हात रेघेवर पडला. मास्तरांनी ते कानांनी ऐकलं. दम तुटला म्हणजे बलभीम बाद, गुण सास्तूरला, सामना सास्तूरचा.

पण पंच वीरभद्र पलीकडच्या अंगाला होते, आणि माणसं आधीच आत घुसली होती. गलका एवढा की पंचांना काही ऐकू आलं नाही. ते बाहेरगावचे, घाबरलेले. त्यांनी हात वर करून सांगून टाकलं,

"मास्तर रेघेवर बसलेत. वहीत लिहितील तोच निकाल!"

सगळा माळ टेबलाभोवती गोळा झाला. उठायचं म्हटलं तरी खुर्ची मागं सरकेना. मागं आण्णासाहेब उभे होते. शाळेचे अध्यक्ष तेच, आणि मास्तर राहत होते त्या दोन खोल्यांचे मालकही तेच. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"लिहा मास्तर. दोन गुण, नळदुर्ग." मग खाली वाकून हळूच म्हणाले, "सूनबाईंना सातवा ना? जपा त्यांना."

समोर सास्तूरचा कप्तान शिवलिंगप्पा. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, तुम्ही ऐकलंय."

मास्तरांच्या डोळ्यांपुढं बायको आली, शामला, अवघडलेली, बिऱ्हाड गाडीत भरून निघालेली. टाक चालला. नळदुर्ग वीस, सास्तूर अठरा. माळावर हलगी कडाडली. शिवलिंगप्पानं आपले गडी गोळा केले आणि तो मागं न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बलभीम शाळेत आला. आण्णासाहेबांचा तो सालगडी. दाराबाहेरच उभा राहिला.

"मास्तर, माजा दम तुटला व्हता."

"माहीत आहे."

"मग तसं लिवा की. लोक खांद्यावर घिऊन नाचले, मला शेण खाल्ल्यावानी वाटलं. चला, दोघं मिळून आण्णासाहेबांना सांगू."

"बलभीम, मला नाही जमायचं."

मग बलभीम एकटाच गेला. आण्णासाहेब म्हणे हसले. म्हणाले, "येडा का काय तू? मास्तरांनी लिवलंय. शिकल्याल्या माणसापुढं तुजं कोण ऐकतंय?" ज्याची चढाई, त्याचीच साक्ष वहीपुढं खोटी ठरली. पाडव्याला साल संपल्यावर बलभीमनं ती चाकरी सोडली आणि सोलापूरकडं गेला. हुतुतू तो पुन्हा खेळला नाही.

वहीतलं ते पान आण्णासाहेबांनी काचेत बसवून शाळेच्या कचेरीत लावलं. हजेरीवर सही करायला मास्तरांना रोज त्याच्याखालीच उभं राहावं लागे. त्यांनी बदलीसाठी दोनदा अर्ज केला. आण्णासाहेबांनी दोन्ही अर्ज हसत परत दिले. "तुमच्यासारखा माणूस सोडतो व्हय आम्ही?"

पुढच्या वर्षी सामने आले तेव्हा मास्तरांनी डोळ्यांचं निमित्त काढलं. कुणी ऐकेना. सास्तूरचा संघ आलाच नव्हता. चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून रेघेवर आणून बसवलं आणि कौतुकानं म्हणाले, "मास्तरांची वही म्हंजे काळ्या दगडावरची रेघ!"

मास्तरांनी कोरं पान उघडलं आणि वर तारीख घातली.