सवतीने तपासलेला कागद

माझ्या नातीच्या, अलूच्या, लग्नात मुलाकडच्यांनी दिलेल्या आठ गाई आणि एक लंगडा गोऱ्हा आमच्या अंगणात आले, त्याच वर्षी पेरणीच्या आधी आमच्या दोघींचा नवरा झाब्लोन वारला. दोघींचा म्हणजे माझा आणि सिप्रोसाचा. मी थोरली, उयोमाहून आलेली. ती धाकटी, गेमहून आलेली, शाळेत शिकवणारी. मला सहा मुलं झाली, तिला एकही नाही. लोक आम्हाला आमच्या माहेरच्या मुलखाच्या नावानेच हाक मारायचे आणि आम्ही एकमेकींनाही.

माणसाला मातीत ठेवण्याआधी आमच्याकडे, लुओ लोकांत, त्याचं आयुष्य कागदावरून वाचून दाखवतात. कागद छापलेला, वर फोटो, आणि भाषा इंग्रजी. झाब्लोनचा कागद सिप्रोसाने लिहिला आणि तिनेच वाचला. लोक माना डोलावत होते, मधे एकदा हसलेही. मी पहिली बायको म्हणून शवपेटीजवळ बसले होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

चार दिवसांनी मी अलूला विचारलं, "त्यात माझं काय होतं गं?"

"होतं ना, आजी. 'पहिली पत्नी यूनिया, सहा मुलांची आई.'"

"आणि?"

"आणि... काही नाही."

झाब्लोनला क्षय झाला तेव्हा अकरा महिने मी त्याला नाचणीची पेज भरवली होती. सिप्रोसा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या घराच्या भिंतींची माती मी माझ्या पायांनी तुडवली होती, पोटात चौथं मूल असताना. त्यातलं काहीच नाही. मी सिप्रोसाशी भांडले नाही. भांडायला तो कागद वाचता यायला हवा होता.

म्हणून मी गुंबारोत, म्हणजे म्हाताऱ्यांच्या वर्गात, नाव घातलं. चर्चच्या मागच्या पडवीत तो भरायचा. आपल्या लुओ भाषेतली अक्षरं बसायला मला दोन वर्षं लागली. मग इंग्रजी सुरू झालं आणि आमचे मास्तर बदली होऊन गेले. त्यांच्या जागी कोण यावं? नुकतीच निवृत्त झालेली सिप्रोसा, हातात खडू घेऊन.

"उयोमाची, पुढे येऊन बस," ती म्हणाली. "मागून तुला दिसत नाही, मला माहितीये."

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "फळ्याकडे बघ."

"आज सवतीच्या हातची छडी खाणार ही!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या बायका खिदळल्या.

मी पुढे जाऊन बसले. जे हवं होतं ते तिच्याजवळ होतं.

तिने आम्हाला क्रियापदं दिली. आपल्या भाषेत काल घडलं की एक शब्द जोडायचा, फार पूर्वी घडलं की दुसरा. मूळ शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीचं तसं नाही. काही क्रियापदं गुणी असतात, मागे 'एड'ची शेपूट लावली की ती जुनी होतात. बाकीची आतून बदलतात. गो, वेंट, गॉन. गिव्ह, गेव्ह, गिव्हन.

"याला नियम काय?" मी विचारलं.

"नियम नाही. पाठ करायची. जाणं, येणं, खाणं, देणं, झोपणं, रोजची जी कामं ना, तीच कुणाचं ऐकत नाहीत. जितकी राबवलेली, तितकी वाकडी."

"म्हणजे तुझ्यासारखी."

"आपल्या दोघींसारखी," ती म्हणाली आणि फळा पुसायला वळली.

मी मका सोलताना पाठ करायचे. कणसाची एक ओळ अंगठ्याने पाडली की गो. दुसरी पाडली की वेंट. तिसरी, गॉन. अंगठ्याला फोड यायचा. कणसावर दाण्यांच्या बारा-चौदा ओळी असतात, म्हणून एका कणसात चार-पाच क्रियापदं होऊन जायची. समोरच्या घरातून सिप्रोसाला ऐकू जायचं. कुठे चुकलं की ती दारातूनच ओरडायची, "उयोमाची, तो दाणा परत लाव!" मी ते क्रियापद पुन्हा म्हणायचे.

असं तीन वर्षं चाललं. मग तिच्या पोटात गाठ निघाली. किसुमू शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. एका दुपारी तिने मला बोलावलं. खाटेवर ती उशीला टेकून बसली होती.

"माझा कागद तू लिही," ती म्हणाली. "आणि वाचायचाही तूच."

"तुझा भाचा आहे ना बँकेत, ओगोला. त्याला सांग."

"तो मला वर्षातून एकदा भेटतो. तो लिहील की मावशी हसतमुख होती."

"नव्हतीसच."

"म्हणून तर."

मी पाच वर्षं मनात होतं ते विचारलं. "आणि मी एकच ओळ लिहिली तर?"

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "तर एकच वाचली जाईल. क्रियापद तेवढं बरोबर असू दे."

मी वही घेऊन घरी आले. दोन दिवस काही लिहिलं नाही. एक ओळ डोक्यात तयारच होती: दुसरी पत्नी सिप्रोसा, शिक्षिका. त्यात क्रियापदसुद्धा लागत नव्हतं. ते लिहिलं असतं तर गावात कुणी मला नावं ठेवली नसती. पण मी लिहायला बसले की एकेक गोष्ट वर यायची. माझ्या ओमोलोला साप चावला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन ती दवाखान्यापर्यंत धावली होती, शाळेच्या बुटांत. माझ्या सहाही पोरांच्या पाट्या तिने तपासल्या होत्या. आणि भर मंडपात मला एका ओळीत उरकलं होतं. हेही खरंच होतं. मी सगळं लिहिलं. दीड पान झालं.

वही तिच्या हातात दिली. तिने उशीखालून लाल पेन काढलं. स्वतःच्या मयताचा कागद ती शाळेच्या वहीसारखा तपासायला लागली. साप 'बाइटेड' झाला होता, तिने 'बिट' केला. 'रनड' खोडून 'रॅन' केलं. मग त्या वाक्यावर आली: आमचा नवरा वारला तेव्हा तिने माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली. पेन थांबलं. बाहेर कोंबड्या भांडत होत्या. तिने 'राइटेड' खोडलं, वर 'रोट' लिहिलं आणि पुढे गेली. शेवटी दहापैकी सहा गुण दिले.

"पुन्हा लिहून आण," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी मी ते वाक्य गाळलं. मरणाऱ्या बाईच्या तोंडावर काय मारायचं, असं वाटलं. तिने वाचलं, पेन झाकून ठेवलं.

"एक वाक्य कमी आहे."

"मुद्दाम गाळलंय."

"घाल परत. तू हे सगळं त्या एका ओळीसाठी शिकलीस. मला काय कळत नाही?"

"आधी का नाही बोललीस?"

"काय बोलू? तुझं लिहायला बसले की माझं काही उरत नव्हतं गं. सहा मुलं, आजारपण, ही भिंत. सगळं तुझंच. म्हणून एक ओळ." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "घाल म्हणते ना."

मी तिथेच बसून घातलं. त्याच्याखाली एक वाक्य जास्तीचं लिहिलं: मग तिने मला ती ओळ वाचायला शिकवलं. टीचचं टॉट होतं, ते मी न विचारता बरोबर लिहिलं. तिने दहापैकी नऊ दिले.

"दहा का नाही?"

"दहा मी कुणालाच दिले नाहीत."

शेवटची ओळही तिने तेव्हाच माझ्याकडून लिहून घेतली, तारीख-वेळेची जागा मोकळी ठेवून. "मरणं सोपं आहे," ती म्हणाली. "शेपूट लावली की झालं. ते नियमाने चालतं."

मंडपात ओगोला माझ्याजवळ वाकला. "मावशी, द्या, मी वाचतो. लोकांना नीट कळलं पाहिजे."

"तू बस," मी म्हटलं. "मी चुकले तर तिला राग येईल, तुला नाही."

मागे बायकांत कुजबुज झाली, "उयोमाची इंग्रजी बोलणार!" मी उठले. कागद छापलेला होता, पण माझ्या हातात ती लाल पेनाची वही होती. साप आला, बूट आले. मग मी त्या एका ओळीपाशी आले. ज्यांना इंग्रजी येत होतं ते माझ्याकडे बघू लागले आणि ज्यांना येत नव्हतं ते त्यांच्याकडे. मी वाक्य पूर्ण वाचलं, पुढचंही वाचलं. मोकळ्या जागेत आदल्या दिवशी मी निळ्या पेनाने तारीख आणि वेळ भरली होती. ती शेवटची ओळ वाचून मी खाली बसले.

सिप्रोसा अवुओर शुक्रवारी, १४ ऑगस्ट २००९ रोजी, सकाळी नऊच्या सुमारास तिच्या घरी वारली.