वेळेआधी फुगलेला फुगा

वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या विद्यापीठात कोरीन योकमने ऐन उमेदीची वर्षं एका फुग्यात घातली होती. अर्धा पारदर्शक, अर्ध्याला आतून चांदीचा मुलामा. पावाच्या लादीएवढ्या उपग्रहात तो घडी घालून बसवला होता. आकाशात वायू भरून फुगवला, की तोच मोठा अँटेना होणार आणि चिमुकल्या उपग्रहाचा आवाज पृथ्वीवर खणखणीत ऐकू येणार.

अडचण एकच होती. तिथल्या विरळ हवेचाही एवढ्या मोठ्या फुग्याला अडसर होतो. फुगा फुगला, की काही महिन्यांत उपग्रह खाली येऊन जळणार. म्हणून ठरलं होतं, आधी ॲन्सेल टफोयाच्या कॅमेऱ्याने उन्हाळ्यातली धुळीची वादळं टिपायची आणि मगच फुगा फुगवायचा. ॲन्सेलच्या बहिणीचं, अडेलिनाचं, एक फुप्फुस या वाळवंटाच्या धुळीतल्या बुरशीने खाल्लं होतं. ती धूळ नेमकी कुठून उठते, ते त्याला शोधायचं होतं.

फेब्रुवारीत तो आईच्या ऑपरेशनसाठी यूमाला गेला. नेमका तेव्हाच उपग्रहावरच्या वायूचा दाब कमी दिसू लागला.

"गळती असेल," नियंत्रणावर बसलेला वेंडेल म्हणाला. "नाहीतर थंडीने मापक चुकत असेल. थोडं थांबून बघू या? ॲन्सेलला तरी विचार."

"त्याची आई ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. आत्ता कुठे त्याच्या डोक्याला ताप देतोस?" कोरीन म्हणाली. "आणि थांबलो नि खरंच गळती असली, तर फुगवायला वायूच उरणार नाही. फुगव."

फुगा फुगला. एरवी थेंबथेंब येणारी माहिती धो धो कोसळू लागली. टाळ्या वाजल्या, कुणीतरी डोनट आणले. कोरीनही हसली, पण तिचा डोनट तसाच राहिला.

दुपारी उपग्रह उन्हात तापला आणि उरलेल्या वायूचा दाब हिशेबाप्रमाणे अगदी बरोबर दिसला. गळती नव्हतीच. वेंडेलने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

ॲन्सेल परतला तेव्हा ती दारातच उभी होती.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. फोन का नाही केलास?"

"तू आईच्या काळजीत होतास, म्हटलं..."

"कोरीन, दिवसभर मी तिथल्या बाकावर बसून होतो. करायला दुसरं काही नव्हतं मला."

ती खाली बघत म्हणाली, "तू नको म्हणाला असतास. म्हणून नाही केला."

त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता खुर्चीत बसला. "अडेलिनाला काय सांगू? या उन्हाळ्याच्या आशेवर बसली होती ती."

मेअखेर उपग्रह जळून गेला. वादळं जुलैत आली. विभागाने कोरीनच्या सत्काराची बैठक बोलावली. तिथे ती उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "गळती नव्हती. मला घाई होती. ॲन्सेलचा उन्हाळा मी घालवला." सभागृहात कुणाला कुठे बघावं कळेना.

बाहेर तिने त्याला गाठलं. "पुढच्या उपग्रहावर तुझा कॅमेरा आधी. देशील?"

"कॅमेरा देईन," ॲन्सेल म्हणाला. "पण फुगा कधी फुगवायचा, ते वेंडेल ठरवेल. तू नाही."

"चालेल," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि बहिणीला न्यायला गाडीकडे निघून गेला. कोरीन आत गेली आणि तिने वेंडेलला सांगितलं, की यापुढे हुकूम त्याचा.