रकान्यातल्या आडव्या रेघा

मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. माझ्या कडेला पितळेची बारीक पट्टी बसवली आहे आणि तिच्यामुळे मी थोडी शिष्टही आहे, हे आधीच कबूल करते. सुताराने मला इतकं घोटून गुळगुळीत केलं होतं की कागदावरून फिरताना मलाच गुदगुल्या होत. मित्रांनो, एका शाळेच्या मार्गदर्शन कक्षात मी सव्वीस वर्षं काढली.

आमचे सर मोठ्या कॉलेजांत जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला देत. त्यांची एक जाडजूड वही होती. तिच्यात दरवर्षीच्या मुलांची नावं, गुण, हवं असलेलं कॉलेज आणि शेवटी ‘प्रवेश’ असा रकाना. प्रवेश मिळाला की बरोबरची खूण, नाहीतर माझ्या आधाराने लाल आडवी रेघ. मोकळा रकाना सरांना खपत नसे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा त्या वहीचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढे टेबलावर संगणक आला आणि माझे दिवस फिरले. सर माझ्याने पाठ खाजवू लागले. वही मात्र त्यांनी सोडली नाही, म्हणून माझीही नोकरी टिकली.

एका दुपारी शेवटच्या वर्गातली एक मुलगी आली. सतत शंका विचारते म्हणून वर्गाने तिचं नाव ‘प्रश्नपत्रिका’ ठेवलं होतं. तिला ज्या कॉलेजात जायचं होतं, तिथे शंभर अर्जांतले जेमतेम सहा स्वीकारत. मुदत दोन दिवसांत संपत होती आणि सरांच्या सहीशिवाय अर्ज जात नव्हता.

सरांनी वही उघडली. तेच कॉलेज हवं असलेल्या आणि साधारण तिच्याएवढेच गुण मिळवलेल्या जुन्या मुलांच्या ओळींखाली ते मला एकेक करत ठेवत गेले.

“अकरा जण. त्यांतले दोघंच गेले. कशाला उगाच जिवाला घोर लावून घेतेस? जवळचं कॉलेज चांगलं आहे की.”

तिचा चेहरा एवढासा झाला. पण ती उठली नाही.

“सर, बाकीच्या नऊ जणांना नकार आला होता?”

“म्हणजे काय! रेघ दिसत नाही का?”

“दिसते. पण नकाराची पत्रं येतात ना? ती असतील ना ठेवलेली?”

सर म्हणजे कागदाचा कपटाही न टाकणारा माणूस. त्यांनी फाइल काढली, चाळली, पुन्हा चाळली. नऊ जणांपैकी नकाराचं पत्र एकाचंच होतं. बाकी आठ जणांनी अर्जच केला नव्हता. मुलांचा हिरमोड नको, म्हणून सरांनीच त्यांना मायेने अडवलं होतं. मग वर्ष संपताना रकाना मोकळा दिसला, म्हणून रेघ ओढली होती. अर्ज केले होते तिघांनीच आणि त्यांतले दोघं गेले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रेघा माझ्याच कडेने ओढलेल्या, आणि इतकी वर्षं मी त्यांच्या सरळपणाचा तोरा मिरवत होते.

“सही कुठे करायची?” सरांनी एवढंच विचारलं.

चार महिन्यांनी त्या मुलीचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. सर मला हातात घेऊनच ग्रंथालयात धावले. त्यांची मुलगी तिथे काम करते. ती नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होती.

“मिळाला बघ तिला प्रवेश!”

“अरे वा! गुण किती होते तिला?”

“एक्क्याण्णव टक्के.”

शिक्का क्षणभर थांबला. “मला ब्याण्णव होते, बाबा.”

त्या आठ जणांत तिचंही नाव होतं. सर हळूच खुर्चीत बसले.

“तुला इतकं मनापासून जायचं होतं? तू तेव्हा काहीच बोलली नाहीस.”

“काय बोलणार? तुम्ही वही उघडून बसला होतात.”

ती रागावली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

मित्रांनो, हल्ली सर मोकळा रकाना मोकळाच ठेवतात आणि वही जरा ओबडधोबड दिसते. माझं मागणं इतकंच आहे. किती जण पोचले ते जरूर मोजा, पण निघाले किती होते, तेही विचारा. आणि कुणी गप्प बसलं, तर त्याला पटलंच आहे असं धरून चालू नका.