धोक्याची चिठ्ठी

लोकांना स्वतःचं मत घटकाभर बाजूला ठेवायला लावणं हे गौतमीचं काम होतं, आणि त्यात तिचा हात धरणारं जयपुरात कुणी नव्हतं. कॉलेजची समिती असो की इस्पितळाची, एखाद्या कल्पनेवरून जुंपली की तिला बोलावणं यायचं. ती चार चिठ्ठ्या करायची: फायदा, धोका, पुरावा, भावना. ज्याला जी येईल त्यानं दोन मिनिटं त्याच बाजूनं बोलायचं, मनात काहीही असो. एरवी साहेबाच्या योजनेतली खोट दाखवायला कोण धजावतं? चिठ्ठीत आलं म्हटल्यावर शिपाईसुद्धा बोलतो. शेवटच्या फेरीत चिठ्ठ्या फाडायच्या आणि एकेकानं आपलं खरं मत सांगायचं. पद्धत चांगली होती, यात वाद नाही.

तीच पद्धत तिनं फेब्रुवारीत जयपुरातल्याच मानसरोवर भागात, आईवडिलांच्या घरी आणली. तिचे वडील जनार्दन मूळचे अकोल्याचे. रेल्वेत गार्ड होते, बदलीनं जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. तो बदलायचा की नाही यावर घरात महिनाभर नुसता घोळ चालला होता. धाकटा संकल्प म्हणे लगेच करा, आई कलावती गप्प, आणि जनार्दन विषय निघाला की पेपर उघडून बसत. शेवटी गौतमीनं चौघांच्या चार चिठ्ठ्या केल्या.

जनार्दनना धोका आला. छत्तीस वर्षं नियमावर बोट ठेवून नोकरी केलेला माणूस; ताठ बसून बोलू लागले. "वय चौऱ्याहत्तर. शुगर आहे. रक्ताची गुठळी होऊ शकते, माह्या दोस्ताचं तसंच झालं. दुखते, पण मी भाजी आणतो, गच्चीवर जातो. जे चाललं ते चालू द्या. मले भेव वाटते."

शेवटी त्यांचा आवाज कापला. "क्या बात है बाबा!" म्हणत संकल्पनं टाळ्या वाजवल्या. गौतमीही हसली. "पण भीती भावनेत जाते, बाबा," ती म्हणाली. "ती चिठ्ठी माझ्याकडे आहे."

कलावतीला फायदा आला होता. जिना चढता येईल, पुन्हा एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर जाता येईल, असं तिनं सांगितलं. संकल्पनं मोबाइलवरचे आकडे वाचले. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला: ऑपरेशनसाठी गुरुवारची जागा रिकामी झालीय, लगेच कळवा. गौतमीनं हो म्हणून टाकलं. शेवटची फेरी राहिली ती राहिलीच. घरच्यांची खरी मतं काय विचारायची, ती आपल्याला माहीतच असतात, असं तिला वाटलं. बाहेर शहाणपण वाटत फिरणाऱ्या भल्याभल्यांची अक्कल घरात शिरताना चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सहाव्या दिवशी, दुपारी, पायातली गुठळी फुप्फुसात गेली आणि जनार्दन न्हाणीघराच्या दारातच गेले. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. "आपण सगळ्या बाजूंनी विचार केला होता," असं संकल्प येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला, आणि गौतमीनंही त्या एका वाक्याच्या आधारावर दिवस काढले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. आता आईनं कुठं राहायचं, इथं गौतमीजवळ की पुण्याला संकल्पकडे, हे ठरवायचं होतं. "ताई, चिठ्ठ्या कर ना," संकल्प म्हणाला. "मतलब, नंतर कुणाच्या मनाला लागायला नको."

गौतमी कागद फाडू लागली.

"या टायमाले शेवटची फेरी घेशील ना?" कलावतीनं विचारलं.

"का गं?"

"तुह्ये बाबा वाट पाहत होते. तुह्या कॉलेजात एकदा मागं बसून त्याईनं सगळं पाह्यलं होतं. आपली घरची बैठक झाली त्या संध्याकाळी मले म्हणे, पोरीनं खरं मत तर विचारलंच नाही. मी म्हटलं, मंग आता सांगा. तर म्हणे, बैठक संपली, तारीख दिली. आता मोडणं बरं दिसत नाही."

आपण बाबांना मारलं. हे वाक्य गौतमीच्या मनात असं पूर्ण, स्पष्ट उमटलं.

"आणि तुला काय वाटत होतं, आई?"

"मलेही नकोच होतं. पण माह्या वाट्याले फायदा आला होता."

संकल्प उठून गॅलरीत गेला. गौतमी खूप रडली. मग तिनं कागदाचे तुकडे उचलून केराच्या डब्यात टाकले आणि आईचा हात हातात घेतला.

"आता चिठ्ठी नाही, काही नाही. तुला कुठं राहायचंय? तू म्हणशील तसं करू."

कलावती गोंधळली. तिनं पोरीकडे पाहिलं, गॅलरीतल्या पोराच्या पाठीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत असं सरळ तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग तर नव्हताच, आणि गौतमीला तेच सोसवेना.

"चिठ्ठी दे, बाई," कलावती म्हणाली. "काय आलं ते पाहून सांगते."