तुळसाची पट्टी

"मान जरा उजवीकडे. बस. आता हलू नका," लवू म्हणाला आणि खुर्चीमागचा लोखंडी चिमटा त्याने गिऱ्हाइकाच्या मानेला लावला.

गिऱ्हाईक म्हणजे कापडबाजारातले एक जाडजूड व्यापारी होते. त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला. तात्यांनी भिंगावरचं झाकण काढलं, तीन आकडे मोजले आणि झाकण परत बसवलं.

गिरगावातल्या तात्यांच्या फोटो स्टुडिओत लवूचं काम एवढंच होतं. अठरा वर्षं तो लोकांना हलू देत नव्हता. पगडीवाले वकील, नव्या नवऱ्या, टोपडं घातलेली बाळं, सगळ्यांना त्याने गप केलं होतं. पूर्वीची भिंगं आळशी, दहा आकडे मोजावे लागत. आता तीनवर भागायचं, पण चिमटा तोच होता. गावाकडचं कुणी भेटून विचारलं, मुंबैत करतोस काय, तर लवू सांगे, "लोकांका गप रवूक सांगतंय."

त्यावर तुळसा, त्याची बायको, हात उडवून म्हणे, "माका सोडून!" हात हलवल्याशिवाय तिला बोलताच येत नसे. भांडताना तर शेजारणी दोन पावलं मागे सरत.

ती जाऊन सतरा दिवस झाले होते. प्लेगच्या साथीचं तिसरं वर्ष चालू होतं. तिला गाठीचा ताप आला, इस्पितळाची गाडी घेऊन गेली आणि लवूला संसर्ग नको म्हणून छावणीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी एका शिपायाने येऊन त्याचं नाव विचारलं आणि बातमी सांगितली. लवू "बरं" म्हणाला. तेव्हापासून तो सगळ्यालाच "बरं" म्हणत होता. खोलीतली तिची लुगडी, गोधडी, फणीसुद्धा साथवाल्या शिपायांनी जाळून टाकली होती. त्यालाही तो "बरं"च म्हणाला. रडू येईल म्हणून त्याने वाट पाहिली होती, पण ते आलं नाही.

हजारो लोकांचे फोटो त्याच्या डोळ्यांसमोर निघाले, पण तुळसाचा एकही नव्हता. काढू कधीतरी, म्हणता म्हणता राहून गेलं. तिची होती ती चालत्या चित्रांची एक पट्टी.

व्यापारी गेल्यावर तात्या हात पुसत जवळ आले. "लवू, छपाईची फिल्म आली परवा. ती पट्टी छापून वाळवलीय मी. मला भिंगाची परीक्षा करायचीय. तुला नसेल बघवत तर राहू दे."

"बघतो की," लवू म्हणाला. "दांडा मीच फिरवतो."

त्याला फक्त तुळसाचे हात बघायचे होते. एकदा ते हलताना दिसले की झालं.

दिवाळीनंतर तात्यांनी विलायतेहून चालत्या चित्रांचा कॅमेरा मागवला होता. सागवानी डबा, बाजूला दांडा आणि पुढे अंगठ्याएवढं भिंग. दांडा फिरवला की सेकंदाला सोळा फोटो निघत, आणि त्याच डब्यातून पुढे ते चादरीवर दाखवता येत. लग्नाकार्याची कामं घेण्याआधी एक पट्टी नुसती करून बघायचं ठरलं. तात्यांच्या घरातलं कुणी यंत्रासमोर येईना, म्हणून लवूने यंत्र मागच्या वाडीत मांडून तुळसाला हाक मारली. ती नळावरून पदराला हात पुसत आली.

"माका काय करूचा आसा?"

"काय नाय. हय उभी रव." त्याने तिचे खांदे सरळ केले, हनुवटी जरा वर केली, पदर नीट केला आणि कॅमेऱ्याशेजारी येऊन उभा राहिला. तात्यांनी मिनिटभर दांडा फिरवला.

आज भर दुपारी खिडक्या लावून त्यांनी भिंतीवर चादर टांगली. तात्यांनी दिवा पेटवला. लवूने दांडा धरला. मध्येच थांबलं तर दिव्याच्या धगीने पट्टी जळते, म्हणून हात एकसारखा चालू ठेवायचा होता.

चादरीवर तुळसा आली.

तिच्यामागे दोरीवरचं धोतर फडफडत होतं. एक कोंबडी माती उकरत होती. नळाखालची बादली भरून वाहू लागली.

"वा!" तात्या पुढे सरकले. "पार मागचं पिंपळाचं पान न् पान दिसतंय! काय भिंग आहे रे!" मग त्यांचा आवाज बदलला. "पट्टी अडकली की काय? नाही, कोंबडी तर चालतेय." ते चादरीजवळ गेले. "लवू, तुळसा का हलत नाही?"

लवूचा हात फिरतच होता.

"मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "हलां नको म्हणून."

अठरा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं होतं आणि तो ते विसरूनही गेला होता. आणि आयुष्यभर त्याचं एक न ऐकणारी तुळसा त्या दिवशी ऐकून बसली होती. हात मांडीला चिकटलेले, श्वास रोखलेला, पापणीसुद्धा लवत नव्हती. सरळ त्याच्याकडे बघत होती. इतकं शहाणं गिऱ्हाईक त्याला कधी मिळालं नव्हतं.

तात्यांचा दांडा थांबल्यावर ती जागेवरूनच म्हणाली होती, "आता हलू काय?" तेव्हा लवू भिंगाला झाकण लावत होता. त्याने उत्तर दिलं नव्हतं. ती बराच वेळ तशीच उभी होती.

पट्टीचं टोक डब्यातून सुटलं. चादर पांढरी झाली.

"हल आता," लवू म्हणाला. "हल गो."

"लवू, पट्टी संपली," तात्या हलकेच म्हणाले.

"बरं," लवू म्हणाला आणि दांडा फिरवत राहिला.